अण्णांच्या भिंगाखाली

सकाळी सहाच्या कंपनीच्या बसमध्ये माणसं झोपतात. दत्तूअण्णा मात्र आमच्या खिशातली चिल्लर तपासतात. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसतो आहे आणि चऱ्होली ते महाळुंगे एकदाही नीट डुलकी लागलेली नाही. "भाऊ, सुट्टे काढा," म्हणत ते भिंग डोळ्याला लावतात. नाणी ठेवून घेत नाहीत. निकाल देतात आणि परत करतात.

निकाल दोनच. टाकसाळीत छापतानाच चुकलेलं नाणं म्हणजे 'जन्माचं'. त्याला शौकीन लोक चांगली किंमत देतात. बाहेर आल्यावर ठेचलेलं, कापलेलं, घासलेलं ते 'मारलेलं'. त्याची किंमत जेवढी छापली तेवढीच. सहा वर्षांत माझी सगळी नाणी मारलेली निघाली. नशीबच तसं, दुसरं काय.

अण्णा प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहेत, त्यामुळे धातूवरचा दणका त्यांना कळतो. एकदा शॉपमधल्या पोरांनी पाच रुपयांचं नाणं कंपनीच्याच प्रेसखाली तिरकं दाबलं आणि टाकसाळीची चूक म्हणून अण्णांपुढे ठेवलं. अण्णांनी ते उलटसुलट केलं.

"टाकसाळीत दोन्ही बाजू एका दणक्यात उठत्यात. हितं एक उठलीय अन् मागची चेपलीय. तीन नंबरची मशीन हाय ही. डाय डावीकडं घासलीय, मेंटेनन्सला सांगा."

मेंटेनन्सवाल्यांनी पाहिलं, तर डाय, म्हणजे प्रेसचा साचा, खरंच घासला होता.

दयामाया नावाला नाही. कँटीनमधल्या मावशींनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता, की चुकीचं छापलेलं नाणं लाखाला जातं. त्यांनी आपल्याकडचं एक वेगळं दिसणारं नाणं फडक्यात गुंडाळून आणलं. अण्णा म्हणाले, "मावशी, दोन रुपयं. छिन्नीचा घाव हाय." मावशींनी नाणं परत फडक्यात गुंडाळलं आणि कमरेला खोचलं. परतताना मी अण्णांना म्हटलं, जरा गोड बोलायला काय झालं होतं?

"खोटं पास केलं की माल परत येतो, भाऊ."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मला झोप येत होती.

मागच्या महिन्यात कंपनीच्या सोसायटीच्या कागदावर सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो. काकू, म्हणजे अण्णांची बायको, पलंगावर बसून ताटातली चिल्लर अंगठ्यानं चाचपत होत्या. साखरेनं त्यांची नजर गेल्याचं ऐकून होतो. खालच्या किराणावाल्याकडून त्या रोज चिल्लर मागवतात, हे तेव्हा कळलं. त्यांनी एक नाणं पुढं केलं. "अवो, ह्याची कड बघा." अण्णांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"जन्माचं हाय," म्हणाले.

काकू हसल्या. शेजारी असल्या नाण्यांनी भरत आलेला डबा होता. त्यात टाकता टाकता त्या थांबल्या आणि नाणं माझ्यापुढं धरलं.

"तुमी सांगा भाऊ. ह्यांच्यासंगं येता-जाता तुमालाबी कळत आसंल. मला बरं वाटावं म्हून बोलत न्हाईत ना हे?"

नाणं एखाद्या ट्रकखाली गेलेलं असावं. इतक्या वर्षांच्या शिकवणीनंतर तेवढं मला बिनभिंगाचं दिसत होतं. मी अण्णांकडं पाहिलं. साहेबापुढंही मान न वाकवणारा माणूस दाराशी हात जोडून उभा होता. त्यांच्याकडं बघवेना.

"जन्माचंच आहे काकू," मी म्हटलं. "मी असलं पहिल्यांदाच पाहतोय."

नाणं डब्यात पडलं.

अण्णा गेटपर्यंत सोडायला आले.

"डोळं गेल्यावर तिनं जेवणच सोडलं व्हतं," जिना उतरल्यावर म्हणाले. "जन्माचं सापडलं त्या दिवशी दीड भाकरी खाती."

"तवा ठिवून आलोय, जातो," म्हणत ते घाईघाईनं वर गेले. घरात भाकरी तेच थापत होते; कोण थापतं, हे सहा वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.