सबनीसकाकांचा एक्केचाळिसावा नंबर

सबनीसकाका कचरा टाकायला काउबॉय हॅट घालून जातात. टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीत मंगळवार हा जाळायच्या कचऱ्याचा दिवस. सकाळी आठच्या आत काका हजर: डोक्यावर हॅट, पायांत टाचांचे बूट, हातात पिशवी. जपानी शेजारी लवून नमस्कार करतात, काका हॅट उचलतात. हा माणूस आयुष्यात घोड्यावर बसलेला नाही. साताऱ्यात एकदा टांग्यात बसला होता, तोही मागच्या बाजूला.

हॅट मी चालवून घेतली असती. माझा आक्षेप आकड्याला होता.

तरुणपणी काका टोकियोत नोकरी सांभाळून अमेरिकन काउबॉयछाप कंट्री गाणी म्हणायचे, तीही जपानीत. एक सीडी निघाली. ती कंट्री सीडींच्या त्या वर्षीच्या विक्रीच्या यादीत एक्केचाळिसावी आली, असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. माझी मुलगी तर त्यांनी तोंड उघडायच्या आत "योंज्यूइची" असा जपानीत आकडा सांगून मोकळी होते.

माझं काम बँकेच्या सॉफ्टवेअरमधले आकडे जुळवण्याचं. शिवाय मी ते गाणं ऐकलंय. पहिल्या कडव्यात घोडा हरवतो आणि दुसऱ्यात, ऐकणाऱ्याच्या दुर्दैवाने, सापडतो. हे इतक्या लोकांनी विकत घेतलं असेल, हे मला पटत नव्हतं.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची पत्रिका तपासायला माझ्याकडे आली. काकांच्या नावाखाली तोच आकडा. मी तडक त्यांचं दार वाजवलं.

"काका, पुराव्याशिवाय हे छापू देणार नाही."

"आकडा खोटं बोलत नाही, जोशी," ते नेहमीप्रमाणे म्हणाले. "ते कपाट उघड."

आत खोकी होती. सर्वांत वर यादीचं कात्रण, एक्केचाळिसावी ओळ लाल पेनने अधोरेखित. खाली तीच सीडी, वेष्टनही न फोडलेली. मी मोजल्या. दोनशे बारा. प्रत्येकीवर दुकानाची चिकटचिठ्ठी, आणि कोणतीही दोन दुकानं सारखी नाहीत.

माझं डोकं फिरलं. "तुम्हीच विकत घेतल्यात? आणि इतकी वर्षं मिरवताय? याला फसवणूक म्हणतात, काका."

"मी नाही रे. मिचिकोने."

मिचिकोकाकूंना जाऊन चार वर्षं झाली.

"एका दुकानातून एकच घ्यायची. गठ्ठ्याने घेतल्या तर यादीवाले मोजत नाहीत, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ऑफिस सुटलं की रोज निराळ्या स्टेशनवर उतरायची. मला सांगायची, ओव्हरटाइम आहे. मी चिडायचो तिच्यावर." काका हॅटची कड चोळत होते. "ती गेल्यावर हे कपाट आवरायला घेतलं, तेव्हा कळलं."

"कळलं ना? मग अजून का सांगता लोकांना?"

"माझा आकडा होता तोवर कधीमधी सांगायचो. तिचा आहे हे कळल्यापासून रोज सांगतो."

घरी नेऊन ऐकतो म्हणून मी एक सीडी मागितली. काकांनी ती माझ्या हातातून काढून जागेवर ठेवली.

"यातली मिळणार नाही," ते म्हणाले. "या विकल्या गेल्यात."

घरी आलो. पत्रिका टेबलावरच होती. बायकोने लाल पेन पुढे केलं.

"काय, खोडायचा ना आकडा?"

"तपासून आलो," मी म्हटलं. "बरोबर आहे."