ओला बाक

नवीन ओळख झाली की लेले नावगाव विचारत नाहीत. "फ्री रॅडिकलवर भार किती?" एवढंच विचारतात. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत त्यांच्याखेरीज चौदा बिऱ्हाडं. अकरा जणांनी चुकीचं सांगितलं, दोघे आलोच म्हणून गेले ते अजून यायचेत. मी शून्य म्हणालो, कारण ठाऊक नसलं की मी शून्यच म्हणतो. उत्तर बरोबर निघालं. तेव्हापासून लेले मला विद्वान समजतात.

लेले ठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. वय छत्तीस, लग्न नाही. सहा स्थळं पोह्यांपर्यंत येऊन मोडली. सातव्या वेळी वडीलधारा म्हणून मला नेलं. मुलीचं घर ठाण्यातच, टेंभी नाक्याजवळ. वाटेत मी बजावलं, रॅडिकलचं नाव काढायचं नाही. त्यांनी गळ्याची शपथ घेतली.

यजमानांनी पाहुणे यायचे म्हणून बाक आदल्या दिवशी रंगवून घेतलेला. लेले बसले आणि चिकटले. मुलीचे वडील ओशाळून म्हणाले, हवा दमट, रंगातलं पाणी उडालं नसेल.

झालं. पाणी नव्हेच ते, लेले म्हणाले. रंगातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि हा उद्योग फ्री रॅडिकलचा. त्यांनी पोह्यांच्या बशीत लिंबाची फोड अणू म्हणून मधे ठेवली, भोवती इलेक्ट्रॉन म्हणून सात शेंगदाणे मांडले. तीन जोड्या, एक सुटा, हाच फ्री रॅडिकल. इलेक्ट्रॉन कमीजास्त झाला तर भार येतो. इथे एकही हरवलेला नाही, म्हणून भार शून्य. पण तो सुटा दिसेल त्याच्या अंगाला झोंबतो. एकवीस मिनिटं झाली. वडील घड्याळाकडे पाहत होते, आई माझ्याकडे.

मुलगी कमल, शाळेत गणित शिकवणारी. तिनं बशी नीट पाहिली आणि विचारलं, "पण मग हा बाक वाळणार कधी?"

लेले म्हणाले, ते पुन्हा येऊन पाहावं लागेल. उठताना धोतराची चांगली वीतभर चिंधी बाकावर राहिली.

स्टेशनच्या वाटेवर मी चिडून म्हणालो, एवढं व्याख्यान झोडलंत आणि साधं उत्तर आलं नाही?

"येत होतं, नाना. उद्या संध्याकाळपर्यंत वाळेल."

"मग सांगायचं होतं."

लेले चिंधी गेलेली बाजू हातानं झाकून चालत होते. "सहा घरांत मीच बोललो," ते म्हणाले. "उलट कोणी काही विचारलं नव्हतं. सांगून टाकलं असतं तर परत काय म्हणून जाऊ?"