मागचं उजवं सड

मी मुलांना काहीही शिकवू शकतो. पाढे शिकवले, नकाशे शिकवले, एका तोतऱ्याला तर भाषण शिकवलं. निवृत्त झालो, वर्ग सुटला, पण जीभ स्वस्थ बसेना. मग गल्लीतली पोरं आमच्या गाईच्या गोठ्यात बसवून त्यांना दगडी शिकवायला घेतली.

दगडी म्हणजे गाईच्या कासेचा आजार. कास तापते, सुजते, दगड होते. पण सुरुवातीला वरून काही म्हणजे काही दिसत नाही आणि दूध मात्र आतून बिघडत असतं.

हे मला आमच्या मुलीनं फोनवर शिकवलं. ती गुरांची डॉक्टर, लांबच्या शहरात. आमच्यासाठी तिला सवड नसते, पण गाय आजारी म्हटलं की गाडी काढून येते. त्यामुळे गाय नुसती शिंकली तरी आमची ही मुलीच्या खोलीतली चादर बदलते.

तपासणी सोपी. चार खळग्यांच्या तबकडीत चार सडांचं थोडं थोडं दूध घ्यायचं, तेवढंच साबणासारखं औषध घालायचं आणि तबकडी गोल फिरवायची. पातळ राहिलं तर उत्तम, शेंबडासारखं घट्ट झालं तर दगडी. शेंबूड म्हटल्यावर पोरं जन्मात विसरत नाहीत.

त्या सकाळी हिनं धारा काढल्या, मी तबकडी फिरवली आणि एका खळग्यात अस्सल शेंबूड झाला. पोरांनी टाळ्या पिटल्या. गाईची क्षमा मागून सांगतो, मलाही पिटाव्याशा वाटल्या. ही तडक कपाटाकडे गेली.

मी फोन लावला. कुठलं सड, किती घट्ट, ताप नाही, सूज नाही, सगळं मुद्देसूद सांगितलं. मुलगी शांतपणे ऐकत होती.

"बाबा, किती छान शिकलात हो! आता मला यायची गरजच नाही."

इथल्या कंपाउंडरला ती फोन करणार होती. मागच्या उजव्या सडात तो औषधाची ट्यूब सोडणार होता. हिनं चादरीची पुन्हा घडी घातली आणि म्हणाली, "व्हा अजून हुशार."

कंपाउंडर ट्यूबा सोडत राहिला आणि गाय बिघडत गेली. पुढे तर ती कासेला हात लावू देईना. एक बाजू भोपळ्यासारखी फुगली, आणि ती औषधाची बाजू नव्हती. मी फोटो पाठवला. फोन न करता मुलगी थेट दारात.

तिनं कास चाचपली आणि विचारलं, "बाबा, सड सांगताना तुम्ही उभे कुठं होता?"

कुठं असणार? गाईच्या समोर. जन्मभर समोर उभं राहूनच शिकवलं. माझं उजवं म्हणजे गाईचं डावं, हे डोक्यातच आलं नाही. निरोगी सडाला आठवडाभर औषध आणि आजाऱ्याला नुसता आशीर्वाद!

तिनं योग्य सडात औषध सोडलं, दूध फेकायला सांगितलं, हात धुतले. मग गाईच्या शेपटीकडे मला उभं करून डावं-उजवं सावकाश समजावलं. अगदी मी पोरांना समजावतो तसं. गाडीची किल्ली तिच्या हातातच होती.

"समजलं ना, बाबा? निघू मी?"

समजलं होतं. पहिलीतल्या पोरालाही समजलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "पुन्हा सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग किल्ली खिशात टाकली, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

रात्रीच्या जेवणापर्यंत मला काही केल्या समजत नव्हतं.