नदाफ चाचांचा ब्लफ

नदाफ चाचांसमोर ‘ब्लफ’ हा शब्द विचार करूनच वापरावा लागतो. विश्रामबागेत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. गाव जत. फौजेतून सुभेदार होऊन परतले, ते हा इंग्रजी शब्द घेऊनच, आणि त्यावरची मालकी त्यांनी अजून सोडलेली नाही. माझी त्यांनी एकोणीस वेळा दुरुस्ती केली आहे. मला मोजायची सवय आहे.

दुधात पाणी निघालं. मी म्हणालो, “चाचा, दूधवाला ब्लफ करतोय.”

“ती लबाडी, गड्या. ब्लफ न्हवं.”

लिफ्ट सोमवारी सुरू होणार, असं सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. मी म्हणालो, “हा तरी ब्लफ?”

“ही थाप.”

“मग ब्लफ म्हणायचं तरी कशाला?”

चाचा जिन्यातच थांबले. “चौकीवर आमी वीस जण. चुली पेटवायचो साठ माणसांच्या. पलीकडनं बघणाऱ्याला वाटावं, लय माणूस हाय. आपली माणसं राखायला करायचा, त्यो ब्लफ. सोताच्या फायद्याला केला की लबाडी.”

तंबाखू सोडून तीन वर्षं झाली, असं ते सांगतात. पण शर्टाच्या खिशात कागदाची पुडी कायम. एकदा मी तिच्याकडे बोट दाखवलं. “चाचा, चाचींशी ही लबाडीच ना?” त्यांनी खिशाचं बटण लावलं.

गेल्या महिन्यात चाचींनी जेवायला बोलावलं. तापानंतर त्यांची चव गेली आहे, हे मला तेव्हा कळलं. आमटी वाढताना त्या म्हणाल्या, “जिभेला कळंना झालंय, पर हाताला अंदाज हाय. हात चुकला की सांगा. त्या दिशी सैपाक सोडीन.” आणि भाकरी आणायला आत गेल्या.

आमटीत मीठच नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच चाचांनी पुडी काढली. माझ्या वाटीत चिमूटभर मीठ, त्यांच्या वाटीत चिमूटभर. पुडी खिशात. बटण.

चाची आल्या. “मीठ?”

“येकदम बराबर,” चाचा म्हणाले.

“ह्यांचं सोडा, हे कवाच नावं ठेवत न्हाईत. तुमी सांगा.”

मी पावशेर दूध कमी भरलं तरी बोलून दाखवणारा माणूस. “बरोबर आहे, चाची. अजून वाढा.”

दुसरी वाटी मी अळणीच संपवली. चाची समोर बसल्या होत्या.

चाचा दारापर्यंत सोडायला आले. मी हळूच म्हणालो, “चाचा, हा ब्लफ.”

विसाव्या वेळी त्यांनी दुरुस्ती केली नाही.