केतकीचा राहिलेला फॉर्म

शुद्धलेखनात चुका असतील आणि शब्द साधेच आहेत, त्याबद्दल माफ करा. शाळा मी आठवीतच सोडली. मागच्या मंगळवारी 'भुयारवाडी' या कादंबरीमालेची नायिका केतकी सोळा वर्षांची होण्यासाठी माझी सही घ्यायला आमच्या वाचनालयात आली.

मालेचा शेवटचा भाग आला की प्रत्येक वाचकाने फॉर्म भरायचा असा नियम आहे. 'शेवट मान्य' किंवा 'हरकत'. एकाचीही हरकत आली तर नायिका पुन्हा पहिल्या भागाच्या पहिल्या पानावर जाते; सगळ्यांचं 'मान्य' आलं तरच तिचं वय पुढे सरकतं. गावातले एकेचाळीस फॉर्म झाले होते. माझाच राहिला होता, कारण गिरणीत दळणाची गर्दी होती.

केतकी बाकावर बसली होती. पहिला भाग वाचला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि मनात तिला ताई म्हणायचो. नऊ वर्षांत नऊ भाग आले, ती पंधराचीच राहिली.

"बसा ना, दादा," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो. ग्रंथपाल पेठेबाईंनी माझा फॉर्म चष्म्याजवळ नेला.

"संपत, तू दोन्ही रकाने भरलेस. बाद होईल हा."

"दोन्ही खरं आहे, बाई."

"असेल. चालतं एकच."

मग त्यांनी मोठ्याने वाचलं. मान्य: शेवटी भुयाराचा दरवाजा उघडतो ते पान चारदा वाचलं, गिऱ्हाईक ताटकळलं. हरकत: बंड्या नऊ भाग हिच्यासोबत चालला, आणि मरायला त्याला दोन ओळी.

"दोनसुद्धा नाहीत," केतकी म्हणाली. "दुसरी ओळ वाऱ्याबद्दल आहे."

"तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत," मी म्हणालो. एवढं मी कोणत्याही मुलीशी कधी बोललो नव्हतो.

"मला कोणी कळवलंच नाही. मी तेव्हा भुयारात होते. मीही तुमच्यासारखं नंतर वाचलं."

"हरकत ठेवली तर बंड्या परत भेटेल तुम्हाला."

"भेटेल. पहिल्या पानावर चिंचा पाडत असेल. मला सगळं माहीत असेल आणि सांगता येणार नाही." तिने गालावर हात ठेवला. "आणि माझी अक्कलदाढ नऊ वर्षं अर्ध्यातच अडकलीय, दादा."

"बंड्याचं मलाही पटलं नव्हतं," पेठेबाई म्हणाल्या. "पण माझा फॉर्म केव्हाच गेला. आटप रे, मला कुलूप लावायचंय."

मी पेन हातात घेतलं. दोन्ही रकाने पुन्हा वाचले.

"हरकत खोडा," केतकी हळू म्हणाली. "पण एकच रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे."

मी एकच रेघ मारली, सही केली. बाईंनी शिक्का मारला. केतकीने जबडा हलवून पाहिला.

"दुखतंय," ती म्हणाली, आणि खूश दिसली.

सोळाव्या वर्षी तिने कुठे जायचं हे शेवटच्या भागात लिहिलेलं नाही, त्यामुळे ती गावातच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडली, तेव्हा ती ज्वारीचा डबा घेऊन रांगेत तिसरी होती. तिचा नंबर आल्यावर मी विचारलं, जाडसर की बारीक.

तिने खूप विचार केला. नऊ भागांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

मी मध्यम दळून दिलं.