किल्लीवर कुणाचं नाव?

कुलूपवाल्याच्या दुकानात बिनचिठ्ठीची किल्ली सापडायची नाही. किल्लीवर ती उघडते त्या दाराचं नाव आणि कुलपावर मालकाचं. वीस वर्षांत कधी गफलत नव्हती. त्यामुळे तेरा वर्षांच्या लेकीला फोन दिल्यावर, त्यावर नजर ठेवणारं ॲप बसवताना त्याने कुणालाच विचारलं नाही.

ॲपने विचारलं, 'हा फोन पालकाचा की मुलाचा?' आपला फोन म्हणजे किल्ली, ती उघडणार लेकीचा फोन. त्याने ठोकलं 'मुलाचा'. लेकीचा फोन म्हणजे कुलूप, मालक आपण, तिथे 'पालकाचा'. रोज दोन तास फोन, त्यापुढे पालकांची परवानगी. तो निर्धास्त झाला. धास्ती एकच उरली होती: नको तो माणूस फोनमधून पोरीपर्यंत पोचला, तर ती आपल्याला सांगेल का?

तिसऱ्या दिवशी दुपारी एक आजी घराबाहेर अडकल्या, आत शेगडीवर दूध. हा हत्यारं घेऊन निघाला, पत्ता बघायला फोन काढला, तर 'आजची वेळ संपली. पालकांना विचारा.' शेजारच्या दुकानातून त्याने लेकीला फोन लावला.

"अगं, माझाच फोन 'पालकांना विचारा' म्हणतोय! तुझ्याकडून उघडतोय का बघ!"

"कशासाठी? सकाळपासून पावणेदोन तास नुसते मासे पकडायचे व्हिडिओ झालेत, बाबा. मला सगळं दिसतं."

"तुला कसं दिसतं?"

"तुम्हीच तर लावलंत! मला वाटलं, तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगताय."

"अगं, तिकडे दूध उतू जातंय!"

"बरं, पंधरा मिनिटं. मासे नकोत."

दूध गेलं, पातेलं वाचलं. घरी येताच त्याने हात पुढे केला. "दे तो फोन. उलटं बसलंय सगळं."

ती जागची हलली नाही. "देते. पण आधी ओरडणार नाही म्हणा. एकजण आमच्या शाळेतला आहे म्हणतो, फोटो मागतोय. घरी सांगू नको म्हणतो."

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. "पाठवलास?"

"नाही."

त्याने शाळेत दाखवायला ते मेसेज जपून ठेवले आणि त्या माणसाला ब्लॉक केलं. मग हळूच विचारलं, "मला सांगावंसं वाटलं तुला?"

"तुमच्या माशांचं मी आईला सांगितलं का? मग तुम्हीही समजून घ्याल असं वाटलं."

त्याला भरून आलं. ॲप सुलटं करायचं तेवढं राहिलं होतं. त्याने तिचा फोन तिच्या हातात परत दिला आणि घसा साफ केला.

"दोन तास जरा कमी पडतात गं. अडीच करशील?"

"बघू," ती म्हणाली.