जोडणीच्या स्थैर्यात सुधारणा

सुरळीत चाललेली प्रत्येक वस्तू सुधारणेच्या वाटेवर असते आणि ती एकदा सुधारली की मगच माणसाला तिची खरी किंमत कळते. सोहोनींच्या घरातला राउटर असाच, कोणाच्या अध्यात ना मध्यात, शोकेसवर बसून नेट पुरवत होता. एका मंगळवारी त्याने कोणालाही न विचारता नवे फर्मवेअर उतरवून घेतले. (फर्मवेअर म्हणजे राउटरची आतली अक्कल. ती कंपनी अधूनमधून बदलून देते. माणसांसाठी अशी सोय अद्याप नाही.) नव्या अकलेत काय आहे, याचा खुलासा एका ओळीचा होता : जोडणीच्या स्थैर्यात सुधारणा. त्या दिवसापासून नेट तुटू लागले.

माधव सोहोनी मूळचे सांगलीचे, पण लखनऊच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे केस पांढरे झाले होते. चिनहटजवळ त्यांचा फ्लॅट. घाईने निष्कर्ष काढणे त्यांच्या शिस्तीत बसत नसल्याने त्यांनी रीतसर तपास हाती घेतला. आधी राउटर बंद करून चालू केला. मग बंद करून, थोडे थांबून, चालू केला. (जाणकारांच्या मते या दोन पूर्णपणे वेगळ्या उपचारपद्धती आहेत.) त्यानंतर राउटर शोकेसवरून फ्रिजवर आणि फ्रिजवरून देव्हाऱ्यावर गेला.

"अहो, उदबत्तीची राख पडतेय त्याच्यावर," चित्रा म्हणाली.

"पडू दे. सिग्नल वाढलाय."

सिग्नल तसूभरही वाढला नसल्याचे मत घरातल्या दोनतृतीयांश लोकांनी, म्हणजे पत्नी चित्राने आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, हिमानीने, नोंदवले. पण दोघींपैकी एकीचीही पीएच.डी. झालेली नव्हती.

शेवटी कस्टमर केअर.

"सर, राउटर पे कौन सी लाइट जल रही है?"

"हरी."

"तो सर, नेट चल रहा है."

"अरे भैया, नहीं चल रहा!"

"सर, हरी लाइट में चलता है."

या युक्तिवादात माधवरावांना एकही तार्किक चूक सापडली नाही. त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

नेट नेमके याच आठवड्यात लागणार होते, कारण सांगलीत एक प्रश्न उभा राहिला होता. माधवरावांची आई, सरलाताई, धाकट्या सत्यजितकडे राहत होत्या. सत्यजितची बदली रत्नागिरीला झाली. तिथले क्वार्टर दोन खोल्यांचे, चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. आणि सरलाताईंचे गुडघे ऐंशीच्या घरात पोचलेले. तेव्हा आई कुठे राहणार, हे रविवारी व्हिडिओ कॉलवर ठरणार होते.

माधवरावांनी उत्तर अभ्यासपूर्वक तयार केले होते. लखनऊचे धुके म्हाताऱ्या छातीला वाईट. मेमधली लू, ती भाजून काढणारी झळ, त्याहून वाईट. भाषा परकी. शिवाय हिमानीची परीक्षा (हिला कोणती ना कोणती परीक्षा बारा महिने असते). तेव्हा आईने सांगलीतच एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात राहणे हे सर्व पर्यायांत सर्वाधिक मातृहिताचे होते. असे त्यांना आकडेवारीसह वाटत होते.

"तुम्हाला जे सांगायचंय ते सांगा," चित्रा म्हणाली. "पण सांगताना मला शेजारी बसवू नका."

रविवारी कॉल लागला. सांगलीत आई खुर्चीवर आणि मागे सत्यजित उभा. माधवरावांनी घसा साफ केला आणि शक्य तितक्या हसऱ्या चेहऱ्याने सुरुवात केली, "हे बघ आई, तू इकडे येणं सध्या..."

पडद्यावर आई जागच्या जागी थिजली. पण चेहरा शांत होता, नजर रोखलेली, ऐकण्यात गढल्यासारखी. माधवराव धीराने पुढे निघाले. धुके झाले, लू झाली, भाषा झाली, वृद्धाश्रमातली फिजिओथेरपीची सोय झाली. आईने एकदाही मध्ये तोंड घातले नाही. थिजलेल्या पडद्याइतका समंजस श्रोता जगात दुसरा नाही. परीक्षा संपवून ते थांबले, तेव्हा पडदा हलला. आई डोळ्यांना पदर लावत होती. सत्यजितचा आवाज आला, "दादा, तू असं म्हणशील असं मला खरंच..." आणि नेट पुन्हा गेले.

"रागावलाय सत्या," माधवराव म्हणाले. "पण आईला पटलं. एक शब्द बोलली नाही."

त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. आईचा पदर त्यांना दिसत राहिला. तरीही निर्णय वस्तुनिष्ठ होता, असे त्यांनी चित्राला सांगितले. चित्राने ताट उचलले.

दोन दिवसांनी हिमानी मोबाइल घेऊन देव्हाऱ्यासमोर बसली. "बाबा, मिल गया! अपडेट ने दोनों बैंड का एक ही नाम कर दिया है."

प्रकार असा होता. राउटर दोन लहरी सोडतो. एक लांब पोचते, दुसरी वेगाने धावते. जुन्या अकलेत दोघी वेगवेगळ्या नांदत होत्या. नव्या अकलेने त्यांना एका नावाखाली आणले आणि फोनला सतत, त्याच्याच भल्यासाठी, हिच्याकडून तिच्याकडे ढकलणे सुरू केले. प्रत्येक ढकलण्यात जोडणी तुटत होती. हिमानीने राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती हुशारी बंद केली, दोन लहरींना दोन नावे दिली, आणि नेट पूर्वीसारखे अडाणी व अखंड झाले.

त्याच संध्याकाळी सांगलीहून व्हिडिओ कॉल आला. चित्र इतके स्वच्छ, की आईच्या मागे भिंतीपाशी ठेवलेली बांधलेली बॅगसुद्धा दिसत होती.

"माधव, तिकीट झालं रे," आई म्हणाली. "सत्या पुण्यापर्यंत येतोय. पुढे त्याच्या मित्राची मंडळी आहेत सोबत."

"कुठलं तिकीट?"

"अरे, तूच नाही का म्हणालास रविवारी, 'हे बघ आई, तू इकडे ये'? पुढचं काही ऐकू आलं नाही. पण म्हटलं, याच्या पुढे ऐकायचं तरी काय राहिलंय?"

माधवरावांनी राउटरकडे पाहिले. हिरवा दिवा स्थिर होता. त्यांनी वाट पाहिली. इतकी वर्षे विज्ञानाची सेवा केलेल्या त्या माणसाने देव्हाऱ्यावरच्या यंत्राकडे पाहत मनातल्या मनात जे मागितले, ते देव्हाऱ्याकडे आजवर कोणी मागितले नसेल. नेट तुटले नाही.

"माधव? आवाज येतोय ना माझा?"

"येतोय," माधवराव म्हणाले. मग राउटरवरची उदबत्तीची राख बोटाने पुसत, "ये. स्वेटर घेऊन ये."

मागे स्वयंपाकघराच्या दारात चित्रा उभी होती. तिने हिमानीच्या खोलीतले टेबल खिडकीकडे सरकवायला घेतले.

चारबाग स्टेशनवर गाडी आली, तेव्हा माधवरावांच्या मनात झाल्या गैरसमजाचे संक्षिप्त निवेदन तयार होते. डब्याच्या दारात आई एका अनोळखी कुलीला सांगत होती, "मेरे बेटे ने बुलाया है. खुद के मुँह से." निवेदन तिथेच दाखल होऊन निकाली निघाले. त्यांनी आईचा हात धरून तिला खाली उतरवले.

सरलाताई लखनऊत रुळल्या. धुक्यात खोकतात, लू लागली की पन्हे पितात, आणि भाजीवाल्याशी अशा हिंदीत भांडतात की तोच दर कमी करून सुटका करून घेतो. इथल्या मराठी मंडळाने गणपतीत माधवरावांचा आदर्श पुत्र म्हणून शाल देऊन सत्कार केला. उत्तरादाखल ते म्हणाले, की यात माझे काही कर्तृत्व नाही. सभागृहाला हा विनय फार आवडला.

ज्यांच्या घरचे नेट आजही अखंड चालते आणि ज्यांचे प्रत्येक वाक्य पलीकडे शेवटपर्यंत पोचते, त्या सर्व वाचकांचे अभिनंदन. तुमची आई गावीच असेल.